मिळवते हात आणि खाणारी तोंडे



माणूस खातो जन्मभर, पण मिळवतो मात्र काही वर्षेच. तान्ह्याला दूध लागते, शाळकरी मुलाला पुस्तके लागतात, आजोबांना औषध लागते. आणि तिघांनाही त्या वेळी पुरेशी कमाई नसते. हा घरोघरचा हिशेब सबंध राष्ट्राचा मांडला तर काय दिसेल, एवढेच आज पाहावयाचे आहे.

रोनाल्ड ली व अँड्र्यू मेसन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी देशोदेशीच्या अभ्यासकांच्या साहाय्याने तो मांडला. २०११ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात २३ अर्थव्यवस्थांचा विचार आहे व त्यांत भारतही आहे. प्रत्येक वयाच्या माणसाची सरासरी कमाई आणि सरासरी खर्च अशा दोन रेषा त्यांनी काढल्या. कमाई म्हणजे श्रमाची: पगार, मजुरी आणि स्वतःच्या शेतात वा धंद्यात राबल्याचे मोल. खर्चात घरचा खर्च तर येतोच, शिवाय सरकार शाळा-दवाखान्यांवर करते तोही येतो.

कमाईची रेषा सर्वत्र डोंगरासारखी दिसते. पंचविशीच्या सुमारास ती खर्चाच्या वर जाते आणि साठीच्या आसपास पुन्हा खाली येते. देशपरत्वे थोडी वर्षे मागेपुढे होतात. पण शिल्लक पडण्याचा काळ बहुतेक ठिकाणी तीस-पस्तीस वर्षांचाच. बाकीच्या आयुष्यात तूट!

खर्चाच्या रेषेत मात्र देशादेशांत मोठा फरक आहे. गरीब देशांत तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ती जवळजवळ सपाट असते. एका चुलीवर शिजते ते सारे वाटून खातात. अमेरिकेत ती वयाबरोबर चढते आणि ऐंशीच्या पुढे तर चढणच लागते. तेथील म्हातारी माणसे अधिक जेवतात असे नव्हे. हा खर्च औषधोपचाराचा व शुश्रूषेचा होय.

मग वृद्धांची तूट भरून काढतो कोण? वाटा तीनच आहेत: घर, सरकार आणि स्वतःची पुंजी. स्वीडनसारख्या देशात मुख्य भार सरकार उचलते. म्हणजे आजच्या कमावत्यांच्या करांतून आजच्या वृद्धांना मिळते. तैवानात मुलांचा वाटा मोठा. भारताविषयी आपण म्हणू की आपल्याकडेही मुलेच सांभाळतात. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. सरासरीने पाहता आपल्याकडील वृद्ध मुख्यतः स्वतःच्या घरादारावर, शेतीवाडीवर व चालू राहिलेल्या श्रमावर जगतात. मुलांकडून येते, तसे मुला-नातवंडांकडे जातेही, आणि दोन्हींची वजावट केली तर हाती फारसे उरत नाही.

पण सरासरीच्या पोटात पुष्कळ दडते. ज्या शेतमजुराजवळ ना जमीन ना घर, त्याने हात थकल्यावर काय करावे? दुसरी गोष्ट अशी की, घरात स्वयंपाक, पाणी, आजाऱ्याची सेवा करणाऱ्या स्त्रीचे श्रम या कमाईत धरलेले नाहीत. जन्मभर राबलेली आई कागदावर केवळ खाणारी ठरते. तिच्या नावे जमीन नाही, पेन्शनही नाही. म्हणून म्हातारपणी तिचीच अडचण अधिक.

आपल्याकडे १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत २ उरली. मुले कमी असल्याने आज देशात कमावते हात प्रमाणाने अधिक आहेत. हेच हात पुढे एकदमच थकतील, आणि त्यांच्यामागे येणारी पिढी त्या मानाने लहान असेल. जपानात हे घडून गेले आहे. तेथे १९६१ सालीच सर्वांसाठी निवृत्तिवेतन व आरोग्यविमा आला, २००० साली वृद्धांच्या शुश्रूषेचाही विमा आला, तरी ओझे जाणवतेच.

शिल्लकीची वर्षे माणसाला एकदाच मिळतात, राष्ट्रालाही वारंवार मिळत नाहीत. त्या वर्षांत मुलांच्या शिक्षणावर, लोकांच्या आरोग्यावर आणि ज्यांना पुंजी साठवता येत नाही त्यांच्या निवृत्तिवेतनावर आपण किती खर्चतो, यावर आजच्या तरुणांचे म्हातारपण अवलंबून आहे. हा विचार सुगीतच करावयाचा असतो.