सह्याद्रीची चढण, सुरण कुल आणि त्यातील कीटक

सुरण, अळू, शेवळा, सापकांदा आणि रुखाळू या साऱ्या वनस्पती ॲरेसी अर्थात सुरण कुलातील आहेत. उष्ण कटिबंधातील अतिउंच पर्वतांवर थंडी वाढते तशा या कुलातील वेली विरळ होतात. सह्याद्रीच्या उत्तर भागात मात्र कळसूबाईची उंचीही 1646 मीटरच आहे. तेथे थंडीपेक्षा पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने निर्णायक ठरतात. म्हणून जमिनीखाली कंद राखणाऱ्या जातींचे प्राबल्य दिसते. बेंगळुरू शहर सुमारे 900 मीटरवर, म्हणजे माथेरानहूनही किंचित उंच आहे. दोन्हीकडील झाडोऱ्यातील फरक पाहिल्यास केवळ उंचीवरून अनुमान काढणे किती फसवे आहे, हे ध्यानात येईल.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने खरी गंमत फुलोऱ्यात आहे. पायथ्याच्या रानातील शेवळ्याचा फुलोरा कुजक्या मांसासारखा वास सोडतो व भुंगेरे त्याकडे ओढले जातात. तळाशी असलेली मादीफुले आधी पक्व होतात, वरची नरफुले नंतर. त्यामुळे स्वपरागीभवन सहसा टळते आणि दुसऱ्या फुलोऱ्यातून पराग आणणारा भुंगेरा अपरिहार्य ठरतो. महाबळेश्वरसारख्या माथ्यावर, सुमारे 1350 मीटरवर, पावसाच्या आरंभी पांढऱ्या फणीचा सापकांदा उगवतो. या प्रजातीतील अनेक जातींचे परागीभवन अळंबीवर वाढणारी चिलटे करतात. नर फुलोऱ्याच्या बुडाशी बाहेर पडण्यास फट असते. मादी फुलोऱ्यात ती नसते आणि चिलटे आतच मरतात. झाडाच्या खोडावर वाढणारा रुखाळू या व्यवहारापासून बराचसा अलिप्त आहे. त्याच्या आकडेदार कंदिका प्राणी-पक्ष्यांच्या अंगाला चिकटून पसरतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी लक्ष घालावे अशी बाब येथे आहे. ठाणे, पालघर व रायगडच्या बाजारात येणारा शेवळा म्हणजे न उमललेला फुलोरा होय. तो खुडल्याने कंद मरत नाही, पुढे पानही येते. परंतु त्या वर्षीचे बी जाते. म्हणून एका जागेवरील सर्व शेवळे न खुडता काही उमलू द्यावेत. सापकांद्यात लहान कंद नर, तर पोसलेला मोठा कंद मादी फुलोरा देतो. सर्वांत मोठा कंद खणून नेणे म्हणजे नेमकी बीज देणारी झाडे काढून टाकणे होय.

नोंद ठेवताना जागेची उंची, फुलण्याची तारीख आणि फुलोऱ्यात सापडलेले कीटक लिहावेत. सकाळी महाछद, म्हणजे फुलोऱ्याचे मोठे आवरण, हलकेच उघडून आतील कीटक स्पिरिटच्या कुपीत ठेवावेत.