तारीख वाया जाऊ नये

न्यायालय म्हटलं की लोकांना न्यायाधीश दिसतात, काळे कोट दिसतात, फार तर दारात नाव पुकारणारा शिपाई दिसतो. साक्षीदाराला समन्स पोचलं का, जप्त केलेली कुऱ्हाड आज टेबलावर कोणी आणून ठेवली, साक्ष झाल्यावर बसभाड्याचे पैसे कोणी दिले, हे कोणी विचारत नाही. हे सगळं पाहतो तो न्यायालयाचा अधीक्षक, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच्या वरचा प्रबंधक, ज्याला आमच्याकडे सगळे रजिस्ट्रारसाहेब म्हणतात. मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि रजिस्ट्रारच्या खुर्चीवरून निवृत्त झालो. नोकरी सगळी चंद्रपूर आणि गडचिरोलीत झाली.

प्रमुख जिल्हा न्यायाधीश हे जिल्ह्यातल्या न्यायालयांचे प्रमुख. पण ते दिवसभर स्वतः खटले चालवतात. त्यामुळे नेमणुका, बदल्या, खर्च, इमारत, तालुक्याच्या कोर्टांची तपासणी यांच्या फाइली तयार करून त्यांच्यापुढे ठेवणं आणि झालेला आदेश अमलात आणणं हे प्रबंधकाचं काम. हाताखाली अधीक्षक, सहायक अधीक्षक, लघुलेखक, लिपिक, नाझर, बेलिफ, शिपाई. निकालात आम्हाला एका शब्दाचाही अधिकार नाही, आणि तो नसावाच.

२६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तालुके बारा. दक्षिण टोकाला सिरोंचा, जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि तिथे घरोघर तेलुगू. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली वसाहती, कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटायचा. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेकाठचे रस्ते बंद.

पुण्या-मुंबईत तारीख पुढे गेली तर माणूस चिडचिड करत घरी जातो. भामरागडकडचा माणूस आदल्या दिवशीच घरून निघालेला असतो. तालुक्यापर्यंत पायी किंवा कोणाच्या गाडीवर, पुढे एसटी, रात्री कुठे तरी पडवीत मुक्काम. 'साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या' हे वाक्य त्याला कमीत कमी दोन दिवसांच्या मजुरीला पडतं. मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम असेल तर त्याहून फार जास्त. म्हणून माझ्या माणसांकडे माझा एकच आग्रह असायचा, की आपल्या चुकीनं कोणाची तारीख वाया जाता कामा नये.

त्यासाठी उद्याचं बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, आज दुपारीच पाहावी लागते. कोणत्या प्रकरणात साक्ष आहे, समन्स बजावल्याचा अहवाल आला का, मुद्देमाल काढला का, दुभाषी सांगितला का. न्यायाधीश प्रशिक्षणाला जाणार हे आम्हाला आधी कळतं. ते कळल्याबरोबर पोलीस ठाण्याला फोन लावून साक्षीदाराला घरीच थांबवायचं. तारीख देणं हा न्यायाधीशांचा अधिकार, पण बेंच क्लार्कनं साहेबांच्या कानावर घालायला हरकत नसते, की एप्रिलमध्ये लोक मोहफुलं वेचतात, मेमध्ये तेंदू असतो, जुलै-ऑगस्टात भाताचा रोवणा असतो. बहुतेक न्यायाधीशांनी हे मनापासून ऐकलं.

एका खून खटल्यातली साक्षीदार बाई आठवते, माडिया बोलणारी. वकिलांनी विचारलं, घटना किती वाजता घडली? तिनं हात उचलून सूर्य कुठे होता ते दाखवलं आणि दोन-चार शब्द बोलली. दुभाषी चटकन म्हणाला, 'दुपारी तीन वाजता.' न्यायाधीशांनी त्याला तिथेच अडवलं आणि बजावलं, की तिनं सांगितलं आणि दाखवलं तेवढंच सांगा, घड्याळ तुमचं घालू नका. साक्षीत मग तिचा हात कुठवर वर गेला होता तेच नोंदवलं गेलं. उलटतपासणी लांबली. अहेरीची गाडी सुटायला थोडाच वेळ उरला. नाझरनं भत्त्याचं व्हाउचर आधीच भरून ठेवलं होतं. अंगठा घेतला, नोटा मोजून हातात ठेवल्या आणि शिपाई सायकलवर बसवून तिला स्टँडवर सोडून आला. व्हाउचर आधी भरून ठेवायचं हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही. चांगल्या नाझराला ते सांगावंही लागत नाही.

नाझर म्हणजे कोर्टाचा पैसा आणि मुद्देमाल सांभाळणारा. जंगल जिल्ह्यातली मुद्देमालाची खोली शहरातल्यापेक्षा वेगळी असते. कुऱ्हाडी, सायकली, तारेचे फास, भरमार बंदुका, सागाचे तुकडे. मोठे ओंडके आणि गाड्या वनविभागाच्या ताब्यात किंवा सुपूर्दनाम्यावर असतात, पण हिशेब कोर्टाला ठेवावाच लागतो. त्यात दारूबंदी. गडचिरोलीत ती १९९३पासून आहे, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला लागू झाली आणि २०२१मध्ये उठली. त्या काळात मोहाच्या दारूच्या कॅनांचा वास व्हरांड्यापर्यंत यायचा. नमुना प्रयोगशाळेत, उरलेला माल आदेश घेऊन नष्ट, आणि प्रत्येक वस्तूवर प्रकरणाच्या क्रमांकाची चिठ्ठी. ती चिठ्ठी उंदरानं खाल्ली तर समोरची कुऱ्हाड कोणत्या खुनातली हे सिद्ध करायचं कसं? लोकांना हे काम क्षुल्लक वाटतं. मला ते सगळ्यांत जोखमीचं वाटत आलं.

कागदाचंही तेच. प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांवरच्या माओवादी संबंधांच्या खटल्यात गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं ७ मार्च २०१७ला शिक्षा सुनावली. नागपूर खंडपीठानं १४ ऑक्टोबर २०२२ला आरोपींना मुक्त केलं, एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द करून अपिलं फेरसुनावणीला पाठवली, आणि ५ मार्च २०२४ला खंडपीठानं त्यांना निर्दोष ठरवलं. २०२२चा निकाल तर खटला चालवण्याची मंजुरी कायद्याप्रमाणे होती का, या एकाच मुद्द्यावर फिरला. निकालांबद्दल बोलणं माझं काम नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की वरची न्यायालयं वाचतात ते रेकॉर्ड खालच्या कोर्टातला लिपिक पानांना क्रमांक घालून, सुतळीनं बांधून पाठवतो. मंजुरीचा एखादा आदेश, एखादा पंचनामा त्यातून गळाला तर माणसाचं आयुष्य अडकतं.

जामिनाचा आदेश झाला म्हणजे माणूस सुटला असंही नाही. ३१ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं तुरुंग अधीक्षकाकडे गेली पाहिजे, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. जंगलातल्या माणसाकडे जामीनदार नसतो, असला तर त्याच्या नावावर सातबारा नसतो. अशा वेळी आमच्या लिपिकानं नातेवाइकाला 'सॉल्व्हन्सी आणा' म्हणून परत धाडायचं, की विधी सेवेच्या खोलीत नेऊन बसवायचं? अनुसूचित जमातीच्या माणसाला १९८७च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. हे त्याला खिडकीवरच कळलं पाहिजे.

तेराव्या वित्त आयोगाच्या निधीतून कोर्ट मॅनेजर नेमायला सुरुवात झाली, व्यवस्थापनाची पदवी घेतलेले. १६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांना या मॅनेजरांच्या नेमणुकीचे व सेवेचे नियम करायला सांगितलं. चांगलंच झालं. खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समन्सही इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं जाऊ शकतं. पण जिथे रेंज नाही तिथे आजही बेलिफ किंवा पोलीसच लागतो, आणि नव्या मॅनेजरनं त्या बेलिफाबरोबर एकदा तरी एटापल्लीच्या आत जाऊन यावं.

माझी मागणी दुभाष्यांची आहे. आजही गरज पडली की ऐन वेळी कोणी शिक्षक, कोणी शिपाई शोधला जातो. २०११पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, माडिया आणि गोंडी घरांतली मुलं पदवी घेऊन बाहेर पडताहेत. त्यांच्यातून दुभाष्यांची कायम पदं भरावीत, 'सूर्य इथे होता' याचं भाषांतर 'तीन वाजता' करायचं नाही हे त्यांना आधी शिकवावं, आणि चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या लिपिकासाठी माडिया, गोंडी किंवा तेलुगू बोलता येणं ही अट जाहिरातीतच घालावी.