दुरुस्तीनंतर बिघडलेलें स्टिअरिंग

मांडव्याच्या धक्क्यावर मोटारी उतरविणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्यें सुरू झाली, तेव्हांपासून मुंबईतील पुष्कळ कुटुंबांना स्वतःची गाडी घेऊन रायगडच्या किनाऱ्यावर जाणें सोपें झालें आहे. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड असा हा मार्ग. आणि पुढें श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे वळावयाचें असल्यास आगरदांड्याहून दिघीला गाडीसह खाडी ओलांडावयाची. रस्ता रमणीय खरा, पण पुष्कळ ठिकाणीं अरुंद व वळणावळणांचा. वाड्यांच्या गडग्यांमधून दोन गाड्या एकमेकींस वाट देतात तेव्हां वीतभर अंतरही मोलाचें ठरतें. अशा रस्त्यावर गाडी हांकणाऱ्याचा सारा भरंवसा स्टिअरिंगवर असतो. म्हणूनच प्रवासापूर्वीं पुढच्या चाकांचें कांहीं काम करून घेण्याची चाल आहे. आणि अनेकदां असें घडतें कीं, दुरुस्तीपूर्वीं जो दोष नव्हता तो दुरुस्तीनंतर दिसूं लागतो. सरळ रस्त्यावर चक्र तिरकें राहतें, गाडी एका अंगास ओढते, किंवा वळण संपलें तरी चक्र आपण होऊन परत फिरत नाहीं. असें कां होतें आणि त्यावर काय करावें, हें गाडीच्या मालकासही ठाऊक असावयास हवें; कारण हा दोष ज्याच्या हातीं चक्र असतें त्यालाच प्रथम कळतो.

स्टिअरिंगची रचना समजण्यास अवघड नाहीं. चक्राच्या दांड्याच्या खालच्या टोकाशीं एक लहान दांतेरी चाक असतें. त्याला पिनियन म्हणतात. पिनियन फिरलें कीं दांत्यांची एक आडवी पट्टी डावीउजवीकडे सरकते. तिचें नांव रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांस एकेक टाय-रॉड जोडलेला असतो व तो आपापल्या बाजूचें चाक ढकलतो किंवा ओढतो. टाय-रॉडला आटे असतात. त्या आट्यांवर त्याची लांबी कमीजास्त करतां येते आणि मग चेकनट आवळून ती कायम करावयाची असते. वळणावर आंतल्या बाजूच्या चाकास लहान वर्तुळांतून जावयाचें असतें, म्हणून तें बाहेरच्या चाकाहून अधिक वळलें पाहिजे. ही युक्ति म्यूनिकच्या लांकेनस्पर्गर या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें घोडागाडीसाठीं काढली आणि रूडॉल्फ ॲकरमन यानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. मोटारींतही तेंच तत्त्व चालत आलें आहे.

सरळ जातांना मात्र पुढचीं दोन्ही चाकें जवळजवळ समांतर असावीं लागतात. त्यांच्या पुढल्या कडा किंचित् आंत किंवा बाहेर झुकलेल्या असल्या तर त्या फरकास गॅरेजांत ‘टो’ म्हणतात. हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण टायरास चांगलाच भोंवतो. चौदा इंची रिमच्या एका चाकाची पुढची कड सरळ रेषेपासून एकच मिलिमीटर ढळली, तर हिशेबानें तें चाक दर किलोमीटरला सुमारें पावणेतीन मीटर आडवें घासटत जातें. अलिबागहून मुरुड सुमारें ५० किलोमीटर. तेवढ्या प्रवासांत हें घासटणें १४० मीटरांच्या आसपास भरतें. नवा टायर थोड्याच महिन्यांत एका कडेनें कां झिजतो, याचें उत्तर बहुधा येथें सांपडतें.

आतां दुरुस्ती कशी चुकते तें पाहूं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेंत लोखंड लवकर गंजतें. टाय-रॉडचा चेकनट असा धरून बसला, कीं घाईंत असलेला मिस्त्री जी बाजू सहज फिरते तेवढीच फिरवितो आणि दोन्ही बाजूंची दुरुस्ती एकाच बाजूला करून मोकळा होतो. यंत्रावर दोन्ही चाकांचा एकूण टो बरोबर दिसतो, पण एक टाय-रॉड लांब व दुसरा आंखूड झाल्यामुळें सरळ रस्त्यावर चक्र तिरकें राहतें. मालकानें तक्रार केली कीं दुसरी चूक घडते. टाय-रॉडला हात न लावतां चक्रच दांड्यावरून उपसून एक-दोन दांते सरकवून सरळ बसविलें जातें. तक्रार मिटते, पण रॅक मध्यावरून ढळलेलाच राहतो. त्यामुळें गाडी एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी वळते. शिवाय चक्रांत एअरबॅग असते. तिला वीज पोंचविणारी गुंडाळलेली फीत चक्र चुकीचें बसल्यास ताणली जाऊन तुटण्याचा संभव असतो. ज्या गाड्यांत घसरण रोखणारी विद्युत् यंत्रणा असते, तेथें चक्राचा कोन मोजणारा सेन्सरही फसतो. गाडी सरळ जात असतां तो ती वळत असल्याचें सांगतो.

ही लपवाछपवी ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या जागीं गाडी अगदीं हळूं चालती ठेवून चक्र मध्यापासून डावीकडे शेवटपर्यंत किती फेरे फिरतें तें मोजावें आणि मग तसेंच उजवीकडे मोजावें. दोन्हीकडचे फेरे सारखे भरले पाहिजेत. फरक आढळला तर चक्र दिसावयास सरळ असलें तरी खालचें काम चुकलेलें आहे असें समजावें.

गाडी एका अंगास ओढत असेल तर लगेच स्टिअरिंगला दोष देऊं नये. प्रथम चारही टायरांतील हवा गार असतांना तपासावी. पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवलेला असतो. त्यामुळें डाव्या बाजूनें चालणारी गाडी किंचित् डावीकडे झुकते, हें स्वाभाविक आहे. त्याहून अधिक ओढ असल्यास पुढचीं दोन चाकें एकमेकांच्या जागीं बसवून पाहावीं. ओढ उलट्या दिशेस गेली तर दोष टायराचा. न बदलली तर इतरत्र. ज्या टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, ते मात्र असे बदलूं नयेत. प्रवासानंतर एका चाकाजवळ हात नेला असतां दुसऱ्याहून स्पष्टपणें अधिक धग लागली, तर त्या बाजूचा ब्रेक चिकटत असावा. आणि सुमारें ८० किलोमीटर वेगाला चक्र थरथरूं लागलें, तर बहुधा चाकांचें बॅलन्सिंग चुकलेलें असतें. तें अलाइनमेंटनें सुधारत नाहीं.

वळणानंतर चक्र परत येत नसेल तर आणखी एक चूक संभवते. पुढच्या लोअर आर्मला रबरी बुश असतात. गाडी जॅकवर उचलून चाकें लोंबकळत असतांना त्यांचे बोल्ट पुरते आवळले, तर गाडी जमिनीवर येतांच रबर पिळलें जातें व तसेंच पिळलेलें राहतें. मग तें गाडीला आपल्याकडे ओढतें आणि लवकर फाटतें. असे बुश गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावयाचे असतात. नव्या बसविलेल्या बॉल जॉइंटचा घट्टपणा, किंवा रॅकवरील दाब देणारा स्क्रू फाजील पिळणें, यांमुळेंही चक्र जड होतें.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे चक्रांतील ढिलेपणा व खडखड. चक्र थोडें हलविलें तरी चाक हलत नाहीं, किंवा खड्ड्यांत टणत्कार ऐकूं येतो, अशी गाडी घाटांत वा समुद्रालगतच्या रस्त्यावर नेऊंच नये. जाणत्या माणसानें चाक उचलून, गाडीखालीं भक्कम टेकू देऊन, घड्याळाच्या नऊ व तीनच्या जागीं धरून हलवून पाहावें. तेथें ढिलेपणा आढळल्यास टाय-रॉडचा संशय घ्यावा. बारा व सहाच्या जागीं आढळल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. ज्या नटाला स्प्लिट पिन लागते ती घातली आहे ना, स्वतःहून घट्ट राहणारा जुना नट पुन्हां तर वापरला नाहीं ना, हें अवश्य पाहावें. टाय-रॉडचें टोक निसटलें तर त्या चाकावर चक्राचा ताबा मुळींच उरत नाहीं.

चुकलेलें काम सुधारतांना एक नियम उपयोगी पडतो: ज्या भागास शेवटचा हात लागला तेथून शोधास आरंभ करावा. बिलावर नवा टाय-रॉड लिहिला असेल तर प्रथम तोच पाहावा; महागडा रॅक बदलण्याचा सल्ला त्यानंतर ऐकावा. क्रमही ठरलेला आहे. आधीं टायर व हवा, मग सर्व सांध्यांतील ढिलेपणा, मग मागच्या चाकांची दिशा, मग चक्र मध्यावर बांधून ठेवून दोन्ही टाय-रॉड समान करीत टो जुळविणें, आणि शेवटीं सेन्सर असल्यास त्याचें शून्य नव्यानें ठरविणें. ढिल्या सांध्यांवर केलेलें अलाइनमेंट गॅरेजच्या दारापलीकडे टिकत नाहीं. पुष्कळ लहान गाड्यांत पुढें टोखेरीज दुसरें कांहीं जुळवितां येत नाहीं. तेथें चाकाचा कलच चुकला असेल तर एखादा भाग वांकला आहे हें ओळखून तो बदलावा लागतो.

मालकानें अलाइनमेंटपूर्वींच्या व नंतरच्या आंकड्यांचा छापील कागद, बदललेले जुने भाग आणि तपशीलवार बिल मागून घ्यावें. बहुतेक मिस्त्री दोष दाखविला तर काम पुन्हां नीट करून देतात. म्हणून पहिली तक्रार त्याच्याकडेच, शांतपणें पण लेखी करावी. तेथें दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याप्रमाणें सेवेंतील उणिवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातां येतें. तक्रारदार जेथें राहतो त्या जिल्ह्यांतही अर्ज करतां येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तो करावा लागतो आणि दिलेला मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी पडत नाहीं. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबाग येथें आहे, आणि सल्ल्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परंतु अर्जाचा निकाल लागेपर्यंत तीच गाडी तशीच चालविणें शहाणपणाचें नव्हे. दुसऱ्या जाणकाराकडून तिची तपासणी लेखी करून घ्यावी, दोष काढून घ्यावा, आणि मगच मुलाबाळांना घेऊन मांडव्याची बोट गांठावी.