टँकरवरचा लाल चौकोन

माळशिरस तालुका साखर कारखान्यांचा. मळीपासून बनलेलं इथेनॉल टँकरनं पेट्रोल कंपन्यांच्या डेपोत जातं. अशा टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागं माहितीफलक हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 सांगतात. टोकावर उभा लाल चौकोन, त्यात ज्वाला आणि 3 म्हणजे ज्वलनशील द्रव. फलकावरचा 1170 हा इथेनॉलचा जगभर चालणारा क्रमांक; पेट्रोलचा 1203. हा फरक जिवावरचा आहे. इथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जेमतेम दिसते आणि पेट्रोलवरचा साधा फेस त्यावर विरतो. अल्कोहोलला टिकणारा फेसच लागतो. म्हणून फलकावर चिखल साचू देणं मला अक्षम्य वाटतं. टँकर कलंडलेला दिसला तर लांबूनच क्रमांक वाचा आणि 112 वर कळवा.