विश्लेषण : जुन्या रूपातल्या नव्या गाडीसाठी अमेरिकेतील गाडीवेड्यांना सहा वर्षे का थांबावे लागले?

साठच्या दशकातली कोब्रा किंवा ‘बॅक टू द फ्युचर’ चित्रपटातली डेलोरियन, पण कोरी करकरीत आणि थेट कारखान्यातून आलेली. अशा ‘रेप्लिका’ म्हणजे प्रतिकृती गाड्या विकायला अमेरिकी काँग्रेसने 2015 मध्ये परवानगी दिली. मात्र प्रत्यक्ष नियम यायला मार्च 2022 उजाडला.

मुळात अडचण काय होती?

अमेरिकेत 1966 च्या वाहन सुरक्षा कायद्यापासून नव्या मोटारीला केंद्रीय सुरक्षा मानके बंधनकारक आहेत. वर्षाला लाखो गाड्या बनवणारी कंपनी असो वा वीस गाड्या बनवणारे वर्कशॉप, दोघांनाही जवळपास सारखेच नियम. धडक चाचणीसाठी गाड्या मोडणे छोट्या उत्पादकाला परवडत नाही. शिवाय साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्यात एअरबॅग बसवायची, तर गाडीचे रूपच बदलते.

मग प्रतिकृती रस्त्यावर येत कशा?

‘किट कार’च्या वाटेने. उत्पादक इंजिनाशिवाय सांगाडा आणि सुटे भाग विकतो. ग्राहक ते स्वतः जोडतो किंवा मेकॅनिककडून जोडून घेतो. मग राज्याच्या वाहन विभागाकडे ‘खास बांधलेले वाहन’ म्हणून नोंदणी करतो. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात तर 2001 च्या एका कायद्याने अशा पहिल्या 500 गाड्यांनाच दरवर्षी धूर चाचणीत सवलत मिळते. त्यामुळे जानेवारी उजाडताच त्यासाठी धावपळ सुरू होते.

सरकारदरबारी पाठपुरावा कोणी केला?

‘सेमा’ या वाहनांचे सुटे भाग आणि सजावट व्यवसायाच्या संघटनेने. तिच्याशी जोडलेले हौशी गाडीप्रेमी आपापल्या लोकप्रतिनिधींना पत्रे लिहितात. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट अशा दोन्ही पक्षांतून पाठिंबा मिळाला आणि ही तरतूद रस्तेबांधणीच्या मोठ्या विधेयकात समाविष्ट झाली. तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी 4 डिसेंबर 2015 रोजी त्यावर स्वाक्षरी केली.

कायदा काय सांगतो?

जगभरात मिळून वर्षाला 5,000 पेक्षा जास्त गाड्या न बनवणाऱ्या उत्पादकालाच ही सवलत आहे. त्याला वर्षाला 325 प्रतिकृती विकता येतात. मूळ गाडी किमान 25 वर्षांपूर्वीची हवी आणि तिच्या रूपाचे हक्क कायदेशीररीत्या घेतलेले हवेत. धडक चाचणीसारख्या संपूर्ण वाहनाच्या मानकांतून सूट मिळते. पण टायर, दिवे, काच, सीटबेल्ट यांसारख्या भागांना मानके लागू राहतात. प्रदूषणात सूट नाही. त्यामुळे इंजिन आजच्या निकषांवर प्रमाणित केलेलेच लागते. कोणत्या मानकांतून सूट मिळाली आहे, हे सांगणारी कायमची पट्टी गाडीवर लावावी लागते.

मग सहा वर्षे का लागली?

वाहतूक सुरक्षा यंत्रणा ‘एनएचटीएसए’ने वर्षभरात अंमलबजावणी करणे अपेक्षित होते. डिसेंबर 2016 ची मुदत उलटली, तरी नियम आले नाहीत. अखेर ऑक्टोबर 2019 मध्ये ‘सेमा’ने न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत मसुदा प्रसिद्ध झाला. जानेवारी 2021 मध्ये अंतिम नियम तयार होता. पण सत्तांतर झाले आणि नव्या प्रशासनाने प्रलंबित नियम रोखून धरले. तो मार्च 2022 मध्ये लागू झाला.

या विलंबाची किंमत छोट्या उत्पादकांनी मोजली. टेक्सासमधील एका कंपनीने 2016 च्या सुरुवातीलाच नव्या डेलोरियन बनवण्याची घोषणा केली होती. नियमच नाहीत म्हटल्यावर उत्पादन अडले. कायदा होऊनही नोंदणीचा अर्ज कशाच्या आधारे करायचा, हा प्रश्न इतरांपुढेही होताच.

सुरक्षेचे काय?

आक्षेप गैरलागू नाही. एअरबॅग नसलेली गाडी त्याच रस्त्यावर धावणार, जिथे अवजड एसयूव्ही धावतात. समर्थकांचे म्हणणे असे की, संख्या मर्यादित आहे आणि अशा गाड्या रोज नव्हे, रविवारी बाहेर निघतात. शिवाय घरी जोडलेल्या किटपेक्षा नोंदणीकृत उत्पादकाची गाडी बरी. तिच्यात दोष निघाला, तर ती परत बोलावण्याची जबाबदारी त्याच्यावर असते.

भारतात अशी सोय आहे का?

प्रतिकृतींसाठी नाही. जुलै 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ दर्जा आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, फेरनोंदणीचे 5,000 रुपये. पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे आजोबांची जुनी गाडी जपायला आपल्याकडे वाट आहे; तशीच दिसणारी नवी गाडी बांधून आरटीओत नेली, तर तिच्यासाठी वेगळा रकाना नाही.