एक यजमान, अनेक पाहुणे

मंडळी, सातबाऱ्याचा उतारा काढायला तुम्ही सेवा केंद्रात जाता. तिथला मुलगा दोन-चार कळा दाबून पाहतो आणि सांगतो, “बाबा, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.” आपण मुकाट्याने परत फिरतो. हा सर्व्हर असतो कुठे, आणि तो ‘डाऊन’ झाला म्हणजे काय झाले, हे आपण विचारीत नाही. आज त्याचाच विचार करू. कारण पुष्कळदा घर शाबूत असते. तुटलेली असते ती घराची वाट.

आपल्या शहादा तालुक्याला हा विषय अगदीच परका नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच टेंभली गावी दिला गेला. पण अशा नोंदी गावात राहत नाहीत. त्या दूरच्या संगणकघरांत, म्हणजे डेटा सेंटरमध्ये राहतात. केंद्र शासनाच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरची अशी मोठी घरे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. शासनाच्या क्लाऊडला ‘मेघराज’ असे छान नाव आहे. हा मेघ आकाशात नसतो, लोखंडी कपाटांत असतो, एवढेच. एखादी संस्था केवळ स्वतःच्या कामासाठी असा मेघ उभारते, तेव्हा त्याला खासगी क्लाऊड म्हणतात.

पूर्वी एका कामाला एक संगणक लागे. काम थोडे असले तरी यंत्र अडकून पडे. त्यावर तोड अशी निघाली की, एकाच दणकट संगणकात अनेक आभासी संगणक चालवावेत. कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ सालीच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली आणली होती. २००७ पासून लिनक्समध्येच ‘केव्हीएम’ नावाची सोय आली आणि साध्या यंत्रावर हे करणे आणखी सोपे झाले. दणकट संगणकाला होस्ट म्हणजे यजमान म्हणतात आणि त्यातल्या आभासी संगणकांना गेस्ट म्हणजे पाहुणे. आता पाहुणे घरात आले खरे. पण त्यांच्या येण्याजाण्याचे काय?

इथे सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा डोळ्यांपुढे आणा. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग लागलेली असते, घोडेबाजारात घोडे फिरत असतात, पाण्याचे टँकर येत असतात, पोलिसांची आणि रुग्णवाहिकेची ये-जा असते. या सर्वांना एकच वाट दिली तर? घोडे बुजतील, टँकर अडेल, आणि ऐन गरजेला रुग्णवाहिका गर्दीत रुतून बसेल. म्हणून जाणते लोक आधी वाटा आखतात आणि मग पाले ठोकतात.

यजमान संगणकाचेही तसेच आहे. त्याला चार वाटा लागतात. पहिली देखरेखीची, हिच्यावरून चालक यंत्राला हुकूम देतो. दुसरी पाहुण्यांची, हिच्यावरून तुमचा-आमचा अर्ज येतो आणि उतारा जातो. तिसरी कोठाराची, म्हणजे साठवलेली माहिती आणण्या-नेण्याची. चौथी स्थलांतराची; चालता पाहुणा एका यजमानाकडून दुसऱ्याकडे हलवायचा झाला तर ही लागते. यांतली पहिली रुग्णवाहिकेची वाट समजा. ती कधी तुंबता कामा नये.

या वाटा आखण्याची साधने तीन. यजमानाच्या आत एक आभासी स्विच तयार करतात, त्याला ‘ब्रिज’ म्हणतात. त्याच्या एका अंगाला पाहुणे जोडलेले असतात आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची तार. दुसरे साधन ‘व्हीलॅन’. तार एकच, पण प्रत्येक वाटेच्या मालावर वेगळ्या क्रमांकाची चिठ्ठी लावायची, म्हणजे एकीचा माल दुसरीत मिसळत नाही. असे ४०९४ क्रमांक वापरता येतात. मात्र यजमानाने लावलेला क्रमांक बाहेरच्या स्विचलाही ठाऊक असला पाहिजे. नाहीतर माल वेशीवरूनच परत. तिसरे साधन ‘बॉन्ड’. दोन तारा एकत्र बांधायच्या, म्हणजे एक तुटली तरी काम दुसरीवर चालते. पण दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये खोवल्या आणि तो स्विचच बंद पडला, तर बॉन्ड असून नसून सारखाच! म्हणून जमल्यास त्या दोन स्विचमध्ये वाटून द्याव्यात.

हे सांगताना मला माझीच एक चूक आठवते. आमच्या प्रयोगशाळेत असाच एक यजमान होता. विद्यार्थ्यांचे दाखले देणारे यंत्र त्याच्यात पाहुणे होते. यात्रेसाठी मी सारंगखेड्याला आलो होतो, आणि रात्री घरबसल्या त्याची मांडणी बदलायला गेलो. नियम असा की, तार ब्रिजला जोडली की यजमानाचा पत्ताही तारेच्या कार्डावरून काढून ब्रिजवर ठेवायचा. मी तार जोडली, पत्ता मात्र होता तिथेच राहिला. झाले! त्याच क्षणी वाट तुटली. ज्या फांदीवर बसलो होतो तीच मी तोडली होती. यंत्र सुरू होते, पाहुणे जागे होते, फक्त माझा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता आणि त्यांचे उत्तर बाहेर येत नव्हते.

पहाटेची एसटी धरून पोचेपर्यंत दुपार झाली. दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत. पण शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. धडगावकडचा एक मुलगा सकाळपासून दाखल्यासाठी बसून होता. शेवटची गाडी चुकेल म्हणून तो निघून गेला होता. त्या मुदतीत त्याचा अर्ज गेला नाही. माझ्या लेखी ती एका ओळीची चूक होती. त्याच्या लेखी वर्षाची फी होती.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळतो. बदलापूर्वी जुनी मांडणी कागदावर लिहून ठेवतो. यंत्रापर्यंत पोचायला दुसरी वाट असल्याशिवाय पहिलीला हात लावीत नाही. काही प्रणालींत नवी मांडणी तात्पुरती लावता येते आणि ठरल्या वेळात होकार दिला नाही तर जुनी आपोआप परत येते. ती सोय असेल तिथे वापरतोच. आणि कुणाच्या मुदतीच्या दिवशी, किंवा आदल्या रात्री, असले काम काढीत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत एखादा बरा संगणक असेल तर त्याच्यावर दोन पाहुणे उतरवून मुलांना हा खेळ दाखवा. ब्रिज जोडा, तोडा, पुन्हा जोडा. चुका तिथे होऊ द्या. तिथे त्यांची किंमत कुणाला मोजावी लागत नाही.

आणि मंडळी, पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ असे ऐकलेत, तर शांतपणे एवढे जरूर विचारा, “भाऊ, घर पडलंय की वाट तुटलीय?”