सेम टू सेम पिस्तूल

सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या होस्टेलवर दोनच गोष्टी चालतात : गेम आणि जीटी. (फर्स्ट इयरच्या निष्पाप जीवांसाठी : जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब, काचेवर सिनिअरचं शीट आणि त्याच्यावर आपलं. पुढचं तुम्हाला आपोआप येईल!) त्या रात्री मी टेलस्टॉकच्या असेंब्लीची जीटी मारत होते आणि रूममेट कॉटवर लोळत मोबाइलवर गेम खेळत होती. मध्येच म्हणाली, "अगं, ही सगळी पिस्तुलं सेमच दिसतात. नावं फक्त वेगळी. या लोकांनी पण जीटी मारली की काय?"

मी हसले. पण नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं, बाईसाहेब बऱ्यापैकी बरोबर होत्या. म्हणून हा लेख. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घालावं ही विनंती.

आधी पिस्तुलं सारखी का दिसतात ते बघू. हाताचा पंजा सगळीकडे सारखाच, आणि काडतूसही बहुतेक ठिकाणी तेच. ९ मिलिमीटरचं काडतूस जर्मनीत जॉर्ज लुगरने १९०२ च्या सुमारास केलं, आणि आपल्या शेजारच्या खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीही ९ एमएमची काडतुसं बनवते. मॅगझिन मुठीत, नळी वर आणि नळीभोवती मागे-पुढे सरकणारी स्लाइड. एवढं ठरलं की आकार जवळजवळ ठरतोच.

राहिला आतला मेकॅनिझम. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात. दोघी मिळून थोड्या मागे येतात, तेवढ्यात गोळी बाहेर पडते आणि आतलं प्रेशर उतरतं. मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, स्लाइड मोकळी होते, रिकामं काडतूस फेकते आणि परत येताना नवीन घेऊन येते. ही युक्ती अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगची. कोल्टच्या १९११ च्या पिस्तुलात ती आहे. त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीत दिउदोने साइव्हने १९३५ चं हाय-पॉवर पूर्ण केलं, त्यातही तीच, जरा सुधारून. आजची बरीचशी ९ एमएम पिस्तुलं या घराण्यातली आहेत.

मग ही सगळी चोरी का? नाही. पेटंट कायमचं नसतं. आज भारतात ते अर्ज केल्यापासून २० वर्षं चालतं, आणि नुसत्या आकाराचं डिझाइन रजिस्ट्रेशन १० वर्षं, वर ५ वाढवून मिळतात. मुदत संपली की कल्पना सगळ्यांची. दुसरा सरळ रस्ता म्हणजे परवाना. त्याचं उदाहरण आकुर्डीत आहे. बजाजने आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, दिसायला व्हेस्पाची सख्खी बहीण.

आकारावरून भांडणंही होतात. स्मिथ अँड वेसनचं सिग्मा पिस्तूल आल्यावर ग्लॉकने १९९४ मध्ये सरळ कोर्ट गाठलं. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि सिग्माच्या आतल्या भागात बदल करावे लागले.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. पिस्तुलाची नाही, रायफलची आहे, पण ती आपल्याला जास्त शिकवते. आपल्या सैन्याला एफएनची एफएएल रायफल हवी होती. परवान्याची बोलणी फिसकटली. तेव्हा खडकीच्या एआरडीई या संशोधन संस्थेत (स्थापना १९५८) बाहेरचे नमुने उघडून, मोजून १ए रायफल तयार झाली आणि ईशापूरच्या फॅक्टरीत बनू लागली. एफएनने कायदेशीर कारवाईची तंबी दिली, शेवटी त्यांच्याकडून काही रायफली विकत घेऊन प्रकरण मिटलं. गंमत म्हणजे १ए दिसते एफएएलसारखी, पण दोघींचे बरेच भाग एकमेकींना बसत नाहीत!

हे न बसणं स्पेनमध्ये फार महाग पडलं होतं. तिथे पेटंटवाल्याने ठरावीक मुदतीत स्पेनमध्येच उत्पादन केलं नाही तर संरक्षण जायचं. त्यामुळे ब्राउनिंगच्या १९०३ च्या साध्या पिस्तुलाच्या कॉप्या तिथे बिनधास्त निघत. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने अशाच एका कॉपीची, रुबी पिस्तुलाची ऑर्डर गाबिलोंदो कंपनीला दिली : महिन्याला १० हजार नग. मागणी ३० हजारांवर गेली. एकट्याला जमेना, म्हणून ऐबार आणि आसपासच्या डझनावारी वर्कशॉपना काम वाटलं. आपल्या भोसरी-चाकणसारखंच व्हेंडर नेटवर्क समजा. फरक एवढाच, की सगळ्यांकडे एकच ड्रॉइंग आणि एकच गेज नव्हतं. एकाचं मॅगझिन दुसऱ्याच्या पिस्तुलात बसेना. मग मॅगझिनवर आणि पिस्तुलावर बनवणाऱ्याचा कोड ठोकायची वेळ आली, म्हणजे खंदकातल्या सैनिकाला जोडी जुळवता यावी. विचार करा, समोर शत्रू आणि तुम्ही अक्षरं वाचताय!

हे वाचून मला फार हसू आलं नाही, कारण गेल्या उन्हाळ्यात मीही तेच केलं होतं. भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये ट्रेनिंगला होते. गिऱ्हाइकाने पॅकिंग मशीनची एक पिन आणून दिली. ड्रॉइंग नाही, फक्त सॅम्पल. मी ऐटीत मायक्रोमीटर लावला, ११.९२ मिलिमीटर आलं, ड्रॉइंग काढलं. लेथवरच्या काकांनी दिवसभर खपून २५ पिना काढल्या. नवीन बुशमध्ये सगळ्या खुळखुळ वाजल्या. काकांनी जुन्या पिनचा डोक्याजवळचा, न घासलेला भाग मोजायला लावला. ११.९८! म्हणाले, "अगं पोरी, तू तर झीजपण कॉपी केलीस!" मग त्यांनी जुन्या पिनवर कानस मारली, ती घसरली. माझ्या पिनवर मारली, ती चावली. जुनी पिन हार्डन केलेली होती, हे मी तपासलंच नव्हतं. २५ पिना स्क्रॅपमध्ये गेल्या आणि काकांचा एक दिवसही. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सॅम्पल फक्त आकार सांगतं. टॉलरन्स किती, मटेरिअल कोणतं, हीट ट्रीटमेंट काय, यातलं काहीच ते आपणहून सांगत नाही. पिन असेल तर २५ नग वाया जातात. पिस्तूल असेल तर काय? ९ एमएमच्या काडतुसात प्रेशर साधारण २३५० बारपर्यंत जातं. कारखान्यातल्या नेहमीच्या हायड्रॉलिक प्रेसच्या हे जवळपास दहा पट, आणि तेही चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. पेपरात अधूनमधून पकडल्याच्या बातम्या येतात त्या गावठी पिस्तुलांवर कधीकधी परदेशी शिक्काही ठोकलेला असतो. शिक्क्याने स्टील बदलत नाही. शिवाय परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं हा आर्म्स अ‍ॅक्ट, १९५९ खाली गुन्हा आहे, हे वेगळं सांगायला नको.

नमुना समजून घेतला की पुढे जाता येतं. जानेवारी २०२१ मध्ये ‘अस्मी’ हे ९ एमएमचं मशीन पिस्तूल जाहीर झालं. एआरडीई आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून केलेलं, उझीच्या वर्गातलं. वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या अ‍ॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा आणि ट्रिगरचे काही भाग मेटल थ्रीडी प्रिंटिंगने केलेले. एआरडीई आता पाषाणला आहे, म्हणजे आपल्यापासून एका बसच्या अंतरावर.

असो. भोसरीत एवढं होऊनही मी त्या रात्री जीटीच मारत होते, याला म्हणतात पालथ्या घड्यावर पाणी! रूममेटचं ऐकून काचेवरचं शीट जरा नीट बघितलं. सेक्शनमध्ये स्पिंडलचं हॅचिंग केलेलं होतं, जे करायचं नसतं. सिनिअरने केलं म्हणून मीही इमानेइतबारे केलं होतं. म्हणजे परत झीज कॉपी! शीट फाडलं आणि पुस्तक उघडून पहिल्यापासून काढलं. सबमिशन एक दिवस लेट झालं, दोन मार्क गेले. ओरलला मात्र सरांनी, "नुसत्या हँडव्हीलने हे सेंटर पुढे कसं जातं?" असं विचारलं, तेव्हा पहिल्यांदाच मला उत्तर माहीत होतं.

काच आणि बल्ब सध्या शेजारच्या रूममध्ये आहेत. कोणाला हवे असतील तर तिकडे विचारा. पण स्पिंडलचं हॅचिंग तेवढं तपासून घ्या.